पोरांचा फोन सुटत नाही कारण बाहेर पोरंच नसतात

"फोन ठेव आणि जा की जरा बाहेर" हे वाक्य सोलापुरात रोज संध्याकाळी घराघरात ऐकू येतं, आणि पोराचं उत्तर पण ठरलेलं असतं, "बाहेर कोण हाय पण?" घरच्यांना वाटतं बहाणे सांगायलाय. खरं सांगायचं तर पोरगं बरोबर बोलत असतं. साडेसहाला गल्लीत डोकावून बघा, ओट्यावर दोन म्हातारी माणसं, एक कुत्रं आणि उभ्या गाडीवर बसून मान खाली घातलेलं एखादं पोरगं. बाकीचे सगळे घरात, आणि प्रत्येकाच्या घरात हेच वाक्य चालू.

म्हणजे गंमत बघा, गल्लीत दहा पोरं आहेत, दहाच्या दहांना एकमेकांसोबत टाइमपास करायचाय, पण बाहेर कोणी नसतं म्हणून कोणीच बाहेर येत नाही, आणि घरात बसून काय करतात तर एकमेकांनाच मेसेज, "काय करायलास बे?" "काय नाय, बसलोय." यातल्या एकाचा फोन तुम्ही हिसकावून घेतला तर त्याला मित्र मिळतात का? नाही, उलट होते ते पण जातात, कारण बाकीचे नऊ तिकडे ग्रुपवर आहेत. म्हणून ते पोरगं फोनसाठी एवढं आकांडतांडव करतं, आणि आपण म्हणतो बघा कसं व्यसन लागलंय.

यावर शिकागो विद्यापीठातल्या लिओनार्डो बर्स्टिन या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या जोडीदारांनी २०२३ मध्ये भारी अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना त्यांनी विचारलं, महिनाभर टिकटॉक किंवा इन्स्टा बंद ठेवायला किती पैसे घेशील? सरासरी काढली तर आकडा पन्नास डॉलरच्या आसपास आला. मग दुसरा प्रश्न, आणि खरी मजा इथंच आहे, समजा तुझ्या कॉलेजातल्या जवळपास सगळ्यांचंच एकदम बंद होणार असेल तर? तेव्हा बरीच पोरं म्हणाली मग आम्हीच वरून पैसे देतो, पण बंद करा. म्हणजे पोरांना ते ॲप आवडतं म्हणून ती तिथं आहेत असं सरसकट नाहीच, निम्मं कारण असं की बाकीचे तिथं आहेत आणि आपण एकटेच बाहेर पडलो तर आपण संपलो. अर्थशास्त्रात याला सामूहिक सापळा म्हणतात. एकट्यानं यातून सुटता येत नाही, सुटलं तर टोळीनंच. ही एक गोष्ट नीट समजली की मग घरातली निम्मी भांडणं कशी फुकट चाललीयत ते दिसायला लागतं.

आता फोन एवढा ओढतो का, ते थोडक्यात सांगतो, कारण यावर आधीच लई लिहून झालंय. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर रिंग टाकायचे स्टॉल असतात बघा, दहा रिंगा टाकल्या की एखादी साबणाच्या वडीवर बसते आणि माणूस परत दहा रिंगा घेतो. प्रत्येक वेळी बक्षीस मिळालं असतं तर कंटाळा आला असता, कधीच मिळालं नसतं तर सोडून दिलं असतं, कधी मिळेल ते माहीत नाही म्हणून हात थांबत नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून हे कधीच दाखवून ठेवलंय. रील वर सरकवणं, लाइक आलं का बघणं, हा सगळा तोच प्रकार. त्यात २००६ मध्ये अझा रस्किन या डिझायनरनं पान कधीच न संपणारं स्क्रोल काढलं (नंतर त्यालाच त्याचा पस्तावा झाला, हे वेगळं), २००९ मध्ये फेसबुकचं लाइक बटण आलं, आणि आपल्याकडं सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की मोजून वापरायची सवयच गेली.

वयाचा भाग पण आहे. मेंदूत बक्षीस मिळाल्यावर खूश होणारी जी यंत्रणा असते ती तेरा-चौदाव्या वर्षी एकदम जोरात असते, आणि "थांब, बास झालं" म्हणणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. आणि या वयात सगळ्यात मोठं बक्षीस कुठलं, तर बरोबरीच्या पोरापोरींनी आपल्याला भाव देणं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयाच्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांचेच फोटो दाखवले, काहींवर भरपूर लाइक, काहींवर कमी. भरपूर लाइकवाला आपला फोटो दिसला की मेंदूतला तो बक्षिसाचा भाग जास्त पेटायचा. म्हणजे ॲपवाल्यांनी नवीन भूक तयार केली नाही, भूक आधीपासूनच होती, दोस्तांची. त्यांनी फक्त तिथं दुकान टाकलं.

मग प्रश्न असा की दोस्त तर फोनवर पण आहेतच, मग समोरासमोरच भेटायला पाहिजे हा हट्ट कशाला? आमच्या वेळी असं होतं म्हणून? तसं असेल तर तो हट्ट सोडूनच दिला पाहिजे, कारण आमच्या वेळी बरंच काही होतं जे नसलेलंच बरं. पण भेटण्यात खरंच काही वेगळं घडतं आणि ते मोजून बघितलेलं आहे, म्हणून जरा इथं निवांत थांबतो.

पहिलं म्हणजे बोलण्याची लय. दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा मोजून बघितल्या, आणि तो गॅप बहुतेक ठिकाणी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाला. एवढ्या वेळात उत्तर तयार करणं शक्यच नसतं, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार याचा अंदाज घेत असतो, त्याच्या चेहऱ्यावरून, श्वासावरून, आवाज खाली आला का त्यावरून. हे कोणी शिकवत नाही, हजारो तास गप्पा मारून ते येतं. व्हिडिओ कॉलवर नेट जरा अडकलं की दोघं एकदम बोलतात आणि मग दोघं एकदम गप्प बसतात, तिथं ही लय तुटते म्हणून तर कॉल संपल्यावर उगाच थकल्यासारखं होतं. आणि चॅटवर तर लयच नाही, "टाइप करत आहे" असं दिसतं, मग ते जातं, परत येतं, आणि पोरगी इकडं विचार करत बसते की काय लिहून पुसलं असेल.

दुसरं हसणं. रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक अमेरिकन शास्त्रज्ञ होता, त्यानं आयुष्यातली बरीच वर्षं लोक कधी हसतात हे बघण्यात घालवली. टीव्ही-बिव्ही सोडला तर माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक वेळा ते हसणं विनोदावर नसतंच, "चल निघतो मग" असल्या वाक्यावर पण लोक हसतात. म्हणजे हसणं हे जोकला दिलेलं उत्तर कमी आणि "मी तुझ्यासोबत आहे" हे सांगणं जास्त. हसणारे दहा इमोजी टाकणारं पोरगं त्या वेळी प्रत्यक्षात सरळ चेहऱ्यानं बसलेलं असतं, कधी बघा निरखून.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात जास्त पटलेला. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर या संशोधिकेनं सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर उभं करून भाषण करायला लावलं, वर गणितं सोडवायला लावली, म्हणजे चांगलंच टेन्शन दिलं. मग काही मुलींना आई भेटली, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं, काहींनी आईशी नुसतं चॅटिंग केलं, आणि काहींना आईशी संपर्कच नाही. नंतर शरीरातली हार्मोन्स तपासली. आई भेटली किंवा तिचा आवाज ऐकला त्या मुलींचा ताण उतरला आणि जवळीक वाटायला लावणारं ऑक्सिटोसिन वाढलं. चॅटिंगवाल्या मुलींचं? संपर्कच नसलेल्या मुलींसारखंच. आईनं धीराचे शब्द लिहिले होते, पण शरीराला ते पोचलेच नाहीत. या मुली लहान होत्या आणि समोर आई होती, म्हणून हे जसंच्या तसं सोळा वर्षांच्या दोस्तांना लावता येणार नाही, पण एक गोष्ट यातून उचलायला हरकत नाही, ती म्हणजे आवाज. पोरगं नापास झालेल्या मित्राला "डोन्ट वरी भावा" टाइप करून पाठवतंय, त्याऐवजी एक कॉल केला तरी फरक पडतो, आणि सायकल काढून त्याच्या घरी गेलं तर विचारूच नका.

आता चौथं, आणि हे खास सोलापूरकरांसाठी. गणपतीच्या आधी आपल्याकडं गल्लोगल्ली मंडळांचा लेझीमचा सराव सुरू होतो, रात्री नऊ-साडेनऊला हलगी-ताशा कानावर आला की आई-बाप वैतागतात, अभ्यास गेला म्हणून. तर ब्राझीलमध्ये ब्रॉनविन टार आणि रॉबिन डन्बार वगैरे ऑक्सफर्डच्या मंडळींनी २०१५ मध्ये अडीचशेच्या वर शाळकरी पोरांना छोट्या छोट्या गटात नाचवलं. काही गटांना सगळ्यांनी एकाच वेळी एकच स्टेप करायची होती, काहींना प्रत्येकानं वेगवेगळी, आणि काहींना अंग मोडून, काहींना बसल्या बसल्या नुसते हात हलवून. नाचाच्या आधी आणि नंतर रक्तदाब मोजतात तो पट्टा दंडाला आवळून कोण किती दुखणं सहन करतंय ते मोजलं, कारण मेंदूत एंडॉर्फिन सुटलं की दुखणं कमी जाणवतं आणि एंडॉर्फिन सरळ मोजणं अवघड असतं. निष्कर्ष असा की एका ठेक्यात हलणं आणि घाम गाळणं, दोन्हीनं वेगवेगळा फायदा झाला, दुखणं सहन करायची ताकद वाढली आणि गटातल्या पोरांबद्दल जवळीक पण वाढली. आता हेच लेझीमला लावून बघा, चाळीस पोरं, एक ठेका, दोन तास घाम, आणि दोन्ही हात लेझीमात अडकलेले, फोन धरणार कशानं? जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज पेलायचा सराव असतो तिथं पण तेच, एवढी उंच जड काठी तोलायची तर सगळ्यांचं लक्ष एकाच जागी लागतं. हे आपल्या पूर्वजांनी एंडॉर्फिन बघून ठरवलं होतं असलं काही मी म्हणत नाहीये (व्हॉट्सॲपवर तसलं फिरतं, ते सोडून द्या), पण गोष्ट कामाची आहे एवढं नक्की.

आता मैत्रीला वेळ किती लागतो याचा पण हिशोब झालाय. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉलनं २०१८ मध्ये मांडला, नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास, आणि जिगरी दोस्त व्हायला २०० च्या वर. आणि यात एक मेख आहे, सोबत काम करण्याचे किंवा वर्गात शेजारी बसण्याचे तास यात फारसे मोजले जात नाहीत, कामाशिवाय नुसतं सोबत असण्याचे तास मोजले जातात. म्हणून "क्लासमध्ये भेटतातच की मित्र" हे म्हणणं टिकत नाही. क्लासमध्ये दोन तास तोंड फळ्याकडं असतं. मैत्री होते ती क्लास सुटल्यावर गाड्यांपाशी उभं राहून जी वीस मिनिटं जातात त्यात, आणि नेमका तेव्हाच घरून फोन येतो, "सुटला नाही का अजून क्लास?"

हे सगळं ऐकून असं वाटेल की भेटणं म्हणजे गोडीगुलाबी. तसं अजिबात नाही, समोरासमोर भेटणं अवघड असतं आणि बऱ्याच पोरांना आजकाल त्याची भीतीच वाटते, विशेषतः जी पोरं लॉकडाऊनच्या वेळी पाचवी-सहावीत होती. फोन वाजला तर उचलत नाहीत, तो बंद होईपर्यंत बघत बसतात आणि मग मेसेज करतात "बोल ना". कारण सोपं आहे, मेसेज पुसता येतो, फोटोला फिल्टर लावता येतो, उत्तर द्यायला दहा मिनिटं घेता येतात. समोर उभं राहिल्यावर तोंडातून गेलं ते गेलं, आवाज चिरकला तर चिरकला, पिंपल दिसली तर दिसली. पण भीतीचा नियम असा की जे टाळाल ते वाढतं. एकदा टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी ते अजून मोठं दिसतं, उलट चार वेळा जाऊन काहीच आकाश कोसळलं नाही हे कळलं की मेंदू आपोआप शांत होतो. मानसोपचारात पण हेच करतात, थोडं थोडं समोर जायला लावतात.

लाजऱ्या पोरांना सांगण्यासारखी एक गोष्ट. २०१८ मध्ये एका अभ्यासात अनोळखी लोकांना पाच मिनिटं बोलायला लावलं आणि मग दोघांना वेगवेगळं विचारलं, तुला तो किती आवडला, आणि त्याला तू किती आवडलास असं वाटतं? सरासरी काढली तर लोकांना वाटत होतं त्यापेक्षा ते समोरच्याला प्रत्यक्षात जास्त आवडलेले होते. म्हणजे घरी येऊन "मी काय येड्यासारखं बोलले" म्हणून उशीत तोंड खुपसणारी प्रत्येक पोरगी चुकीच्या हिशोबावर रडत असते.

भांडणाचं पण सांगून टाकतो. ग्राउंडवर आउट का नॉट आउट यावरून कॉलर धरली तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीमला एक जण कमी पडतो म्हणून त्यालाच बोलवावं लागतं, खेळच मिटवून टाकतो. ग्रुपवरचं भांडण मिटत नाही कारण ते लिहिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट निघतो, तो दुसऱ्या ग्रुपवर जातो, आणि ज्यांचा संबंध नाही ते पण रात्री बारा वाजता मत द्यायला लागतात.

आता दुसरी बाजू पण बघू, नाहीतर हा लेख पण तसलाच एक फॉरवर्ड होईल. मोबाइलमुळं पोरांची पिढी बरबाद झाली असं छातीठोक सांगणारे खूप आहेत, पण संशोधकांचं यावर एकमत नाहीये. अमेरिकेत जीन ट्वेंगी यांनी वर्षानुवर्षांच्या सर्व्हेवरून दाखवलं की तिथली किशोरवयीन मुलं आधीच्या पिढ्यांपेक्षा दोस्तांना प्रत्यक्ष खूपच कमी भेटतात आणि एकटेपणा वाढलाय. पण ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो मुलांची माहिती चाळून सांगितलं की मुलांच्या बऱ्यावाईट वाटण्यात जो फरक पडतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता येतो, बाकी घर, झोप, शाळेतली छळवणूक, पैसा असली मोठी कारणं असतात. शिवाय आधी उदास झालेलं पोरगंच फोनमध्ये जास्त शिरतं, हे पण असतंच. माझं मत विचाराल तर फोननं काय बिघडवलं यापेक्षा फोननं कशाची जागा घेतली हा प्रश्न जास्त कामाचा आहे. दहावीनंतर मित्र पुण्याला शिकायला गेला आणि त्याच्याशी रात्री अर्धा तास बोलणं झालं, तर तो फोन मैत्री टिकवतोय. झोप खाऊन, खेळ खाऊन, अनोळखी लोकांच्या रील बघत दोन वाजले, तर तो फोन काहीतरी हिरावून घेतोय. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त शहरातलं दुखणं नाही. असर म्हणून शिक्षणाचा एक सर्व्हे असतो, त्याचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, त्यात चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं निघालं, आणि त्यातले आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेले ७६ टक्के. म्हणजे बार्शी-माढ्याच्या शिवारात पण रील पोचलीय.

मग पोरं भेटत का नाहीत, याचं उत्तर नुसतं फोनमध्ये शोधून चालणार नाही. डॅना बॉइड या अमेरिकन संशोधिकेनं अनेक वर्षं तिथल्या किशोरवयीन मुलांशी बोलून जे मांडलं ते मला सोलापुरात पण दिसतं. तिचं म्हणणं असं की मुलांना वेड फोनचं नाहीये, एकमेकांचं आहे, पण मोठ्यांनी त्यांच्या भेटायच्या जागा आणि मोकळा वेळ काढून घेतला, मग जी जागा उरली तिथं ती गेली. आपल्याकडं बघा ना. सकाळी शाळा किंवा कॉलेज, दुपारी जेवण, पाच ते आठ क्लास, एकाचा पाचला तर दुसऱ्याचा सातला, त्यात पाणी यायच्या दिवशी निम्मी पोरं हंडे-पाइप घेऊन घरात अडकलेली. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर गेल्यावर संध्याकाळी साडेसहाशिवाय बाहेर पाय ठेवायची सोय नाही, आणि साडेसहा म्हणजे क्लास. पूर्व भागात कित्येक घरात एका खोलीत माग, त्याच्याच शेजारी स्वयंपाक, आई विड्या वळत बसलेली, तिथं चार मित्र घेऊन कुठं बसणार? जुळे सोलापुरात घर मोठं असतं तर सोसायटीत पाटी, "येथे क्रिकेट खेळण्यास मनाई आहे". टपरीपाशी उभं राहिलं तर टोळभैरव म्हणून नाव पडतं. कॅफेत बसायला पैसे लागतात. होम मैदान, पार्क मैदान, सिद्धेश्वर तलावाचा काठ, संभाजी तलाव, अशा मोजक्या जागा, आणि शहर केवढं वाढलंय.

मुलींचं तर विचारूच नका. पोरगा रात्री आठपर्यंत बाहेर असला तर "येईल की", पोरगी साडेसातला आली तर "कुठं होतीस". तिच्या हातात फोन असला तरी घरचे तपासतात, आणि बाहेर मैत्रिणींसोबत नुसतं उभं राहायला पण कारण लागतं, मेंदीचा क्लास, झेरॉक्स, देऊळ, काहीतरी. भेटण्याच्या गोष्टी करताना आपण नव्वद टक्के वेळा डोळ्यासमोर पोरांचं क्रिकेट आणतो, पोरींना बसायला जागा कुठंय हा प्रश्नच कोणी विचारत नाही. मग ती रात्री पांघरुणात घुसून मैत्रिणीशी चॅट करते तेव्हा तिला ओरडायचा हक्क आपल्याला किती उरतो, हे ज्यानं त्यानं बघावं.

भेटण्याचा धोका पण लपवून ठेवत नाही. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये पोरांना आणि मोठ्या माणसांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला, काहींना एकट्यानं, काहींना दोस्त बघत असताना. दोस्त बघत असले की तेरा ते सोळाच्या पोरांनी खूप जास्त रिस्क घेतली, मोठ्या माणसांना मात्र काही फरक पडला नाही. विजापूर रोडवर ट्रिपल सीट सुसाट जाणारी पोरं बघितली की प्रयोगाची गरजच राहत नाही. म्हणजे जागा पाहिजे, पण अशी की जिथून एखाद्या मोठ्या माणसाची नजर जाते आणि कान जात नाहीत. तालमीचा वस्ताद, मंडळाचा अध्यक्ष, ओट्यावर बसलेली आक्का, हे काम पूर्वी हेच लोक फुकटात करायचे.

करायचं काय? सापळा टोळीचा आहे तर उपाय पण टोळीचाच पाहिजे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, साडेआठला परत भोंगा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन सांगायच्या. यात भोंग्याला महत्त्व नाही, सगळ्यांचं एकदम बंद होतं याला आहे, त्यामुळं कोणाचं काही चुकतच नाही. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांच्या सोशल मीडिया अकाउंटवर कायद्यानंच बंदी आणली, त्यामागं पण निम्मा विचार हाच. पण नुसत्या बंदीनं रिकामा वेळ तयार होतो, त्यात काय भरायचं ते कायदा सांगत नाही.

आपल्याला गाव नको आणि कायदा पण नको, चार-पाच घरं पुरतात. पोराच्या ज्या मित्रांचं नाव सारखं कानावर येतं त्यांच्या आयांना गाठायचं (बहुतेक शाळेच्या ग्रुपवर असतातच) आणि आठवड्यातले दोन दिवस, एक वेळ, एक जागा ठरवायची. वेळ ठरलेली पाहिजे, कारण "भेटू कधीतरी" म्हटलं की ते ठरवायला परत फोनच लागतो. त्या वेळेत पाचही घरात नेट बंद, आई-बापाचं पण, हो, पप्पांचं पण. क्लास निवडताना पोरं एकाच बॅचला टाकायची, म्हणजे सुट्टी एकदम मिळते आणि येणं-जाणं सायकलवर सोबत होतं, ते वीस मिनिटांचं येणं-जाणं क्लासपेक्षा कमी कामाचं नसतं. पोरींसाठी एखाद्या घराची गच्ची ठरवून द्यायची आणि तिथं कोणी सारखं वर डोकवायचं नाही.

आणि हाताला काम पाहिजे. "या, बसा, गप्पा मारा" म्हटलं तर चौदा वर्षांची पोरं एकमेकांची तोंडं बघतात. कॅरम द्या, गाडीचं पंक्चर काढायला लावा, मंडळाच्या देखाव्याला थर्माकोल कापायला बसवा, वर्गणीचं पावतीपुस्तक देऊन गल्लीत पाठवा, त्यात तर अनोळखी दारात उभं राहून बोलायची सगळी ट्रेनिंग होते आणि नाही म्हणून घ्यायची पण. गच्चीवर भाकरी, शेंगाचटणी आणि दही दिलं तरी पार्टी होते, पैसे लागत नाहीत. फोन तिथं आलेच तर एका पिशवीत टाकून खिळ्याला लटकवायचे. टेबलावर नुसता फोन पडलेला असला तरी गप्पांची खोली कमी होते असं २०१२ च्या सुमाराला एका इंग्लंडमधल्या प्रयोगात दिसलं होतं, नंतरच्या काही प्रयोगांत तसं दिसलं नाही, पण पिशवी लटकवायला काही खर्च येत नाही.

याचा फायदा किती लवकर दिसतो? कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये सहावीच्या पन्नासेक पोरांना पाच दिवस स्क्रीनशिवाय निसर्ग शिबिरात ठेवलं, आधी आणि नंतर चेहऱ्यावरचे भाव ओळखायची परीक्षा घेतली, तर घरी राहिलेल्या पोरांपेक्षा या पोरांची सुधारणा जास्त निघाली. स्क्रीन नव्हती म्हणून का चोवीस तास एकमेकांसोबत होती म्हणून, ते वेगळं काढता येत नाही, पण पाच दिवस म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपेक्षा पण कमी.

फक्त पहिले एक-दोन आठवडे पोरं येऊन नुसती बसतील, "बोअर होतंय" म्हणतील, एखादं पोरगं पोटात दुखतंय म्हणून घरी जाईल, त्या वेळी मोठ्यांनी मध्ये पडून अंताक्षरी-बिंताक्षरी सुरू करायची नाही. कंटाळा आला की तीच काहीतरी उकरून काढतात, बहुतेक वेळा आपल्याला न आवडणारं, आरडाओरडा होणारं आणि शेजारच्यांची तक्रार येणारं. शेजारच्यांना आधीच सांगून ठेवा.